प्राणहितेच्या काठावरची लेक : अहेरीच्या घराण्यातली फूट आणि आपल्यापुढचा प्रश्न

सप्टेंबर २०२४ चा पहिला आठवडा. अहेरी तालुक्यातील जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रातून एक आदिवासी दाम्पत्य आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन पत्तीगावकडे चालत निघाले. दोन्ही मुले तापाने गेली होती. वाट सुमारे १५ किलोमीटरची, पावसाळ्यातली, चिखलाची. त्या चालण्याची चित्रफीत महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली, हळहळला आणि पुढे सरकला.

त्याच आठवड्यात, ६ सप्टेंबरला, गडचिरोली जिल्ह्यात अजित पवार यांच्या जनसन्मान यात्रेची सभा झाली. अहेरीचे आमदार आणि राज्याचे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम त्या व्यासपीठावरून बोलले. त्यांची कन्या भाग्यश्री आत्राम शरद पवार यांच्या पक्षात जाणार, वडिलांच्या विरोधात उभी राहणार, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. मुलीला आणि जावयाला प्राणहिता नदीत फेकून दिले पाहिजे, असे मंत्री भर सभेत म्हणाले. जी मुलगी बापाची झाली नाही ती तुमची काय होणार, असा सवालही त्यांनी जनतेला केला.

पहिली बातमी काही दिवस चालली. दुसरी निवडणूक संपेपर्यंत चघळली गेली. एकाच मतदारसंघातल्या या दोन बातम्या आम्ही मुद्दाम शेजारी ठेवत आहोत. एका घरातली फूट एवढी मोठी दिसू लागली की तिच्या मागे पाच तालुके दिसेनासे झाले. भाग्यश्री आत्राम यांच्या राजकीय वाटचालीकडे बघताना आंबेडकरी तरुणांनी या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवायला हवी: लेकीवर झालेला अन्याय आणि मतदारांवर झालेला अन्याय.

एक आडनाव, एक मतदारसंघ

अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा या तालुक्यांचा अहेरी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेआधी तो सिरोंचा या नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश काळात अहेरी ही चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. १९५१ साली कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या. राजवाडा राहिला, 'राजे' हे संबोधन राहिले, आणि मतपेटीतून सत्तेचा नवा मार्ग खुला झाला.

राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरमधून लोकसभेवर गेले. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीसाठी त्यांनी नाग विदर्भ आंदोलन समिती चालवली. त्यांचे चिरंजीव राजे सत्यवानराव आमदार झाले. धर्मरावबाबा हे याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे. १९९१ मध्ये आमदार असताना नक्षलवाद्यांनी त्यांचे अपहरण केले होते आणि नंतर सोडले. सत्यवानरावांचे पुत्र अम्ब्रीशराव २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर धर्मरावबाबांना हरवून आमदार आणि आदिवासी विकास राज्यमंत्री झाले. २०१९ मध्ये काकांनी पुतण्याकडून ती जागा परत घेतली.

म्हणजे या घरातली फूट २०२४ ची नाही. काका-पुतण्याचा सामना अहेरीला सवयीचा होता. नवी गोष्ट एवढीच की या वेळी बापासमोर लेक उभी राहिली.

निकाल काय लागला? धर्मरावबाबा सुमारे ५४ हजार मते घेऊन निवडून आले. अपक्ष लढलेले अम्ब्रीशराव ३७ हजारांच्या आसपास मते घेऊन दुसरे, तर भाग्यश्री ३५ हजारांवर मते घेऊन तिसऱ्या. एकाच घराण्यातल्या तिघांना मिळून सव्वा लाखाहून अधिक मते. सत्ताधारी उमेदवार त्या घरचा, अपक्ष त्या घरचा, विरोधी आघाडीचा उमेदवारही त्याच घरचा. ज्या मतदाराला या तिघांपैकी कोणीच नको होते त्याच्यापुढे फारसे काही उरले नव्हते. घर फुटले, पण सत्ता घरातच राहिली.

काकाने भांडले तर राजकारण, लेकीने भांडले तर गद्दारी

भाग्यश्री आत्राम या अचानक उगवलेल्या उमेदवार नव्हत्या. गडचिरोली जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते. वडील मुंबईत मंत्री असताना मतदारसंघातला राबता, लोकांची गाऱ्हाणी, कार्यकर्त्यांची कामे हे सगळे त्या पाहत होत्या. १२ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटात जाहीर प्रवेश केला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत 'तुतारी' घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्यावर झालेली टीका जरा बारकाईने पाहा. पक्ष का बदलला, कोणत्या धोरणाला विरोध आहे, जिल्हा परिषदेत त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हे रास्त प्रश्न होते. ते फारसे कोणी विचारले नाहीत. विचारले गेले ते असे: बापाच्या पाठीत खंजीर का खुपसला? लग्न होऊन गेलेली मुलगी इथे कशाला? जावयाच्या सांगण्यावरून चालते का? एक मुलगी गेली तरी दुसरी मुलगी, मुलगा आणि भाऊ माझ्या पाठीशी आहेत, असे वडिलांनी सांगितले. घर म्हणजे पक्ष आणि पक्ष म्हणजे घर, हे त्या एका वाक्यात उघडे पडले.

पुतण्या काकांच्या विरोधात तीनदा लढला, एकदा जिंकला, दोनदा हरला. त्याला नदीत फेकण्याची भाषा कोणी केल्याचे आमच्या स्मरणात नाही. पुरुषाच्या बंडाला महत्त्वाकांक्षा म्हणतात. लेकीच्या बंडाला कृतघ्नपणा म्हणतात. आणि महाराष्ट्राचे एक मंत्री स्वतःच्या मुलीला नदीत फेकण्याची भाषा उपमुख्यमंत्र्यांसमोर करतात, तेव्हा सभेत टाळ्या पडतात. बोलण्याच्या भरात गेलेला शब्द म्हणून हे सोडून देता येणार नाही. मुलगी बापाची, तिचे मत बापाचे, तिचे राजकारणही बापाचे, ही समजूत किती खोल आहे ते त्या टाळ्यांनी दाखवले.

त्याच सभेत अजित पवार यांनी भाग्यश्री यांना दिलेला सल्लाही ऐकण्यासारखा होता. घरातली फूट समाजाला आवडत नाही, मी ते अनुभवले आहे, असे ते म्हणाले. संदर्भ बारामतीचा होता. लोकसभेला त्यांनी बहीण सुप्रिया सुळे यांच्यासमोर पत्नी सुनेत्रा यांना उभे केले होते आणि सुप्रियाताई दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असेही त्यांनी सुनावले. तालमीतल्या या म्हणीचा अर्थ सरळ आहे: बाप वस्ताद, लेक शागीर्द, आणि शागिर्दाने वस्तादाला आव्हान द्यायचे नाही.

प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणातही पुढच्या वर्षी हेच घडले. के. चंद्रशेखर राव यांच्या कन्या कविता यांनी घरातल्याच नेत्यांविरुद्ध तोंड उघडले आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी वडिलांच्या पक्षाने त्यांना निलंबित केले. आंध्रात शर्मिला यांनी भाऊ जगनमोहन यांच्याशी फारकत घेऊन काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद घेतले आणि २०२४ मध्ये कडप्पा लोकसभा लढवली, हरल्या. घराणी वेगळी, भाषा वेगळी, नियम तोच. भाऊ वारस असतो. बहीण प्रचाराला हवी असते, वाट्याला नको असते.

म्हणून आमची पहिली भूमिका स्पष्ट आहे. वडिलांच्या विरोधात निवडणूक लढवण्याचा भाग्यश्री आत्राम यांना पूर्ण अधिकार होता. त्यासाठी त्यांना वापरली गेलेली भाषा निषेधार्ह होती. यावर 'पण' नाही.

लेकीचा वाटा आणि कायदा

लेकीच्या वाट्याचा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. हिंदू कोड बिलात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा देण्यासाठी बाबासाहेब झगडले आणि ते बिल रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. पुढे १९५६ मध्ये वारसा कायदा झाला, २००५ मध्ये दुरुस्त झाला. आज बौद्ध घरातल्या मुलीलाही तो लागू आहे.

मात्र आपल्या तरुणांपैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. याच कायद्याचे दुसरे कलम सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. म्हणजे चंद्रपूरच्या बौद्ध वस्तीतल्या मुलीचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, आणि तिच्याच वर्गात शिकणाऱ्या गोंड किंवा माडिया मुलीचा हक्क रूढीवर सोपवलेला आहे. जमातीची स्वायत्तता जपण्यासाठी केलेली ही तरतूद लेकीच्या वाट्याशी आली की तिच्या आड येते.

१७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात या कोंडीवर बोट ठेवले. आजोबांच्या जमिनीत आईचा हिस्सा मागणाऱ्या वारसांना खालच्या न्यायालयांनी सांगितले होते की मुलींना वाटा मिळण्याची रूढी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न उलटा केला: मुलींना वगळण्याची रूढी तरी कोणी सिद्ध केली आहे? केवळ स्त्री म्हणून तिला वगळणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे सांगून न्यायालयाने तो हिस्सा मान्य केला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तर याआधीच एक पाऊल टाकले होते. विवाहित दावेदाराचा वनहक्क पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असला पाहिजे, असे तो कायदा म्हणतो. गडचिरोलीच्या जंगलात हे लहान कलम नाही. ज्या बाईने आयुष्यभर मोह वेचला, तेंदू तोडला, रोवणी केली, तिचे नाव प्रथमच जमिनीच्या कागदावर आले. ज्या घराण्याकडे कधीकाळी शेकडो गावांची जमीनदारी होती तिथल्या लेकीचा वाटा हा बातमीचा विषय होतो. पट्ट्यावर नाव असलेल्या बाईचा वाटा बातमी होत नाही. आपल्या कामाचे ठिकाण ही दुसरी बाई आहे.

वारसा म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे

इथे आमची दुसरी भूमिका सुरू होते.

स्त्री सत्तेवर बसणे या भूमीला अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी चांद्याच्या गोंड राज्याचा कारभार राणी हिराईने पाहिला. अहेरीच्या जमीनदारीवरही एक स्त्री होती, लक्ष्मीबाई. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबुराव शेडमाके यांना पकडून इंग्रजांच्या हवाली करण्यात तिचाच हात होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली आणि लक्ष्मीबाईला बक्षिसात गावे मिळाली. गडचिरोलीच्या गोंड तरुणांना हा इतिहास पाठ आहे. तो इथे सांगण्याचे कारण कोणाच्या आजच्या वंशजाला दोष देणे हे नाही. गादीवर स्त्री बसली म्हणून गादीचा स्वभाव बदलत नाही, एवढेच त्यातून शिकायचे.

राखीव मतदारसंघ कशासाठी असतो? ज्यांचा आवाज सभागृहात कधी पोहोचला नसता त्यांचा आवाज पोहोचावा म्हणून. अहेरी मतदारसंघात माडिया आहेत, गोंड आहेत, नदीकाठी तेलुगू बोलणारे शेतकरी आहेत, मुलचेऱ्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, बौद्ध आणि इतर मागास समाज आहेत. त्यांचे प्रश्न कोणापासून लपलेले नाहीत.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड टेकड्यांवर लोहखनिजाची खाण आहे. तिची उत्पादन क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावाची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली, तीही खाणीजवळच्या गावांत नव्हे, दूर गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे ग्रामसभांनी नव्या खाणींविरुद्ध अनेक महिने ठिय्या दिला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो मोडून काढला. सिरोंचा तालुक्यात गोदावरीवरच्या मेडीगड्डा धरणाचे पाणी तेलंगणाला, आणि बुडालेल्या शेताचे दुखणे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला. भामरागडमध्ये पावसाळा आला की गरोदर बाईला खाटेची कावड करून नाला ओलांडावा लागतो. शिवाय अहेरी जिल्हा व्हावा ही मागणी आहेच, दर निवडणुकीत नव्याने ऐकू येणारी.

२०२४ च्या प्रचारात यातल्या कोणत्या प्रश्नावर बाप आणि लेक यांच्यात मतभेद होता? खाणीवर? पेसा कायद्याखालील ग्रामसभेच्या संमतीवर? आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदांवर? प्रचार गाजला तो 'बाप विरुद्ध लेक' म्हणून आणि 'काका विरुद्ध पुतण्या' म्हणून. भाग्यश्री यांनी रोजगार आणि विकासाचे बोल लावले, पण त्यांचा लढा वडिलांच्या राजकारणाविरुद्ध आहे की वडिलांच्या जागेसाठी, हे मतदाराला वेगळे करून दाखवता आले नाही. दोष एकट्या त्यांचा नाही. त्यांना घेणाऱ्या पक्षालाही अहेरीत नवी संघटना उभी करायची नव्हती. त्यांना तयार आडनाव हवे होते.

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविषयी दिलेला इशारा आपण दर संविधान दिनाला एकमेकांना ऐकवतो. धर्मात भक्ती कदाचित मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. घराणेशाही ही त्याच भक्तीची पिढीजात आवृत्ती आहे. व्यक्ती जाते, भक्ती उरते आणि मुलाच्या, मुलीच्या, सुनेच्या नावे वर्ग होते.

चंद्रपूरचे घर, आणि आपलेही

अहेरीचे राजे म्हणून हे घडले, असे समजून हसण्यात अर्थ नाही. शेजारच्या चंद्रपुरात राजे नव्हते, तरीही घर फुटलेच.

बाळू धानोरकर २०१९ मध्ये राज्यातून निवडून आलेले काँग्रेसचे एकमेव खासदार होते. ३० मे २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी प्रतिभा धानोरकर तेव्हा वरोऱ्याच्या आमदार होत्या. २०२४ च्या लोकसभेची उमेदवारी त्यांना सहज मिळाली नाही. विजय वडेट्टीवार यांच्या कन्या शिवानी याही त्याच जागेच्या इच्छुक होत्या. तिकीट मिळाल्यावर प्रतिभाताईंनी सुधीर मुनगंटीवार यांच्यासारख्या बलाढ्य मंत्र्याला २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी हरवले. हा विजय केवळ सहानुभूतीचा नव्हता. संविधान बदलले जाईल या भीतीने दलित, बौद्ध, आदिवासी आणि कुणबी मतदार त्या वेळी एकवटला होता.

सहा महिन्यांनी वरोऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा काँग्रेसने ती कोणाला दिली? खासदारांचे बंधू प्रवीण काकडे यांना. मग त्यांचे भासरे, बाळूभाऊंचे थोरले बंधू अनिल धानोरकर बंड करून उठले. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. जागा भाजपचे करण देवतळे घेऊन गेले. तेही माजी मंत्री संजय देवतळे यांचे पुत्र. म्हणजे घराणे हरले, तरी जिंकले घराणेच.

आणि अनिल धानोरकर कोणत्या पक्षाकडून लढले? वंचित बहुजन आघाडीकडून. आंबेडकरी मतांच्या बळावर उभ्या असलेल्या पक्षाने वरोरा-भद्रावतीत दुसऱ्या पक्षाच्या घरभांडणातून आलेला उमेदवार घेतला. निवडणुकीचे गणित म्हणून कोणी त्याचे समर्थनही करेल. पण त्या मतदारसंघात वर्षानुवर्षे पत्रके वाटणाऱ्या, शिबिरे भरवणाऱ्या बौद्ध मुला-मुलींना त्या निर्णयाने काय सांगितले? तुमची मेहनत आमची, उमेदवारी मात्र ज्याच्या घरात आधीपासून सत्ता आहे त्याची.

ही गोष्ट चंद्रपुरात घडावी याची खंत जास्त आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली ते हे शहर. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे या शहराचे; ते राज्यसभेच्या उपसभापतिपदापर्यंत पोहोचले आणि रिपब्लिकन पक्षाचे नेतृत्व त्यांनी केले. त्याच पक्षाचे पुढे नेत्यांच्या नावांनी गट पडले: खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट. राजवाडा नसतानाही आपण आडनावांचे पक्ष तयार केले. दुसऱ्याच्या घराण्याकडे बोट दाखवताना हे विसरता येत नाही.

येणारे आरक्षण कोणाच्या घरी जाणार?

आता मूळ मुद्दा. हे सगळे आज का बोलायचे?

२०२४ च्या विधानसभेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहा आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या तीन, अशा नऊच्या नऊ जागांवर पुरुष निवडून आले. राज्यातून लोकसभेवर गेलेल्या सात महिला खासदारांची यादी पाहिली तर सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, रक्षा खडसे आणि प्रतिभा धानोरकर अशा पाच जणी कोणाची तरी मुलगी, सून किंवा पत्नी म्हणून राजकारणात आल्या. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आम्हाला शंका नाही. दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती केली. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही त्यांच्याच महिलांना एक तृतीयांश. जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ते लागू होईल, असे त्या दुरुस्तीतच नमूद आहे. चंद्रपूरची अनुसूचित जातीची आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या अनुसूचित जमातीच्या तीन जागा, यांपैकी कोणतीही जागा उद्या महिलेसाठी राखीव होऊ शकते.

त्या दिवशी पक्षाचे नेते कोणाच्या घरी जातील? तयार कार्यकर्ती नसेल तर ते राजवाड्यातच जातील. 'आपल्या मुलीला उभे करा' म्हणतील. बाप खूश, पक्ष खूश, आरक्षणाची अट पूर्ण. महिला आरक्षण घराण्यांचा विमा बनून जाईल. ग्रामपंचायतीत सरपंचबाईच्या खुर्चीमागे उभा राहणारा 'सरपंचपती' आपण पाहिला आहे. विधानसभेत आमदारपिता पाहायचा नसेल तर तयारी आज करावी लागेल.

तयारी म्हणजे काय, याची दोन उदाहरणे याच मातीतली आहेत.

पहिले, २००९. अहेरीत आदिवासी विद्यार्थी संघटनेच्या बळावर राजवाड्याबाहेरचे दीपक आत्राम अपक्ष म्हणून निवडून आले. आडनाव तेच, कारण आत्राम हे गोंडांतले सर्वत्र आढळणारे आडनाव आहे. पण मागे वाडा नव्हता, विद्यार्थ्यांची संघटना होती. पुढे ती जागा टिकली नाही हे खरे. पण राजघराण्याचा पराभव होऊ शकत नाही, ही समजूत त्या निकालाने कायमची खोडून टाकली.

दुसरे, त्याच वर्षीचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. २०११ मध्ये गावाने स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकला. हे कोणा राजाच्या कृपेने झाले नाही. ग्रामसभेत वर्षानुवर्षे एकत्र बसून, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त पाळून झाले. त्या बैठकांत बायका बसत होत्या, बोलत होत्या. उद्याची आमदार अशा बैठकीतून यायला हवी.

परिस्थितीही बदलते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. चार दशके बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या या जिल्ह्यात उघड राजकारणाला मोकळी जागा होते आहे. ती जागा रिकामी राहणार नाही. खाण कंपनीचा ठेकेदार भरेल, राजवाडा भरेल, की ग्रामसभेत तयार झालेली मुलगी भरेल, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल.

आपण काय करायचे

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बौद्ध तरुणांना आमचे सांगणे थोडक्यात आहे.

एक, भाग्यश्री आत्राम असोत, प्रतिभा धानोरकर असोत की आणखी कोणी, स्त्री म्हणून त्यांच्यावर चिखलफेक झाली तर उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहा. त्या कोणत्या पक्षाच्या आहेत हे पाहू नका. त्यानंतर त्यांना मतदार म्हणून प्रश्न विचारा: सूरजागडवर तुमची भूमिका काय? तोडगट्ट्यात तुम्ही कुठे होतात? जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात आज किती डॉक्टर आहेत? सन्मान आणि सवाल यांत विरोध नाही.

दोन, वनहक्काच्या पट्ट्यांवर बायकोचे नाव आहे की नाही, हे आपल्या गावात आणि शेजारच्या आदिवासी गावात तपासा. नसेल तर वनहक्क समितीकडे, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करा. आपल्या घरातही पाहा. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव 'हक्कसोड' करून काढणारे भाऊ बौद्ध वस्त्यांतही आहेत. बाबासाहेबांनी ज्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडले तो वाटा राखीच्या दिवशी कागदावर सही घेऊन काढून घ्यायचा आणि १४ एप्रिलला मिरवणूक काढायची, हे बंद झाले पाहिजे.

तीन, जिल्हा परिषदेकडे लक्ष द्या. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत. भाग्यश्री आत्राम यांनाही अनुभव तिथूनच मिळाला. गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. या काळात एका पिढीच्या किती मुलींची राजकारणातली पहिली पायरीच काढून घेतली गेली, याचा विचार करा. पायरी नसेल तर वर तीच पोहोचते जिला घरातून खांद्यावर घेतले जाते.

चार, आपापल्या संघटनेत विचारा: उमेदवार कोण ठरवते? गेल्या दहा वर्षांत किती मुली शाखेच्या पदावर आल्या, आणि त्यांतल्या किती कोणाच्या तरी नात्यातल्या नव्हत्या? उत्तर अवघड वाटले तरी लिहून काढा आणि बैठकीत वाचून दाखवा.

भाग्यश्री आत्राम यांनी एक मोठी गोष्ट केली. राजवाड्यातली लेकही 'नाही' म्हणू शकते, आणि 'नाही' म्हटल्यावर ३५ हजार लोक तिच्या बाजूने मत देऊ शकतात, हे त्यांनी दाखवले. त्या मतांत राजघराण्याची निष्ठा किती आणि बदलाची इच्छा किती, हे कोणाला मोजता येणार नाही. पण बदलाची जी इच्छा त्यात होती तिला वाड्याबाहेरचा उमेदवार देणे हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे. पत्तीगावच्या त्या आईची मुले परत येणार नाहीत. तिच्या गावातली एखादी मुलगी मात्र उद्या आरोग्य केंद्राचा जाब विचारायला विधानसभेत उभी राहू शकते. तिच्याकडे आडनाव नसेल. तिच्यामागे संघटना असली पाहिजे.

जय भीम! जय सेवा!